माझ्या नावावरचं बीपी

माझं नाव सुलोचनाबाई, पण इकडं सगळे अक्काच म्हणतात, तुम्ही पण अक्काच म्हणा, बाई म्हंटलं की मला शाळेत उभं केल्यासारखं वाटतं. आमची माणसं मूळची कुठली म्हणून विचारलंत ना, तर साताऱ्याकडची म्हणतात, कुठल्या तरी फौजेबरोबर चारशे वर्षांपूर्वी खाली आली आणि इथं बंगळूरातच ऱ्हायली, सातारा मी अजून बघितलेलं नाही. माझ्या बापाचं चिकपेटेत शिलाईचं दुकान होतं, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला की कन्नड, म्हणून माझं बोलणं तुम्हाला भेसळीचं वाटणार. तुम्ही इंदिरानगरची माणसं, पुण्याकडनं आलेली, तुमचं मराठी कसं इस्त्री केलेलं. पण लिवताना माझं नीट करू नका हां, जसं बोलते तसंच लिवा, नाहीतर मला राग येईल.

आता राग म्हंटलंच तर तिथनंच सुरू करते, कारण सगळी भानगड तिथनंच झाली. मी लहानपणापासून अशीच. गिऱ्हाईकानं बापाला माप चुकलं म्हणून खोटं सांगितलं तर आत बसलेली मी बाहेर येऊन भांडायची, आठ वर्षांची होते. बाप हसायचा, आई म्हणायची हिला कोण करून घेणार. केलं की करून, हनुमंतरावांनी केलं. पीण्यात, म्हंजे इकडच्या कारखान्यांच्या भागात, गेजच्या कारखान्यात होते, गेज म्हंजे ते गोल घड्याळासारखं असतं बघा, काचेत काटा, बॉयलरवर, पंपावर लावतात, आत दाब किती आहे ते दाखवतं. हे टेस्टिंगला. दिवसभर गेज लावायचं, दाब सोडायचा, काचेवर बोटानं टिचकी मारायची, कारण काटा कधीकधी अडकून बसतो, टिचकी मारली की खरा आकडा दाखवतो, मग बरोबर असलं तर हिरवा स्टिकर, चुकीचं असलं तर लाल. एकतीस वर्षं हेच केलं. एकतीस वर्षं दुसऱ्यांचा दाब मोजला हो या माणसानं.

आणि स्वभाव कसा म्हणाल तर माझ्या बरोब्बर उलटा. आवाज चढवलेला मी ऐकलाच नाही. काय पण विचारा, सरी म्हणायचे. कन्नडात सरी म्हंजे ठीक आहे, बरं. भातात खडा लागला, सरी. सासूनं चारचौघांत घालून पाडून बोललं, सरी. बढती दुसऱ्याला दिली, मी इकडं भिंतीवर डोकं आपटून घ्यायची बाकी ठेवली, हे चप्पल काढत म्हणतात, सरी बिडू, जाऊ दे. कारखान्यात नावच पडलं होतं सरी राव. नातेवाईक मला म्हणायचे, अक्का, काय नशीब काढलंस, देवमाणूस मिळाला. मला पण वाटायचं.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, इकडं आमच्या बंगळूरात राग आला म्हणजे बीपी आलं म्हणतात. रिक्षावाला पण सिग्नलवर दुसऱ्याला ओरडतो, बीपी बरिस्बेडा, म्हंजे माझं डोकं फिरवू नको. तर लग्न होऊन वर्ष झालं नसेल, मी दूधवाल्याशी पाण्यावरनं भांडले, गल्ली गोळा झाली, आणि सासू दारातनं म्हणाली, आमच्या सुनेला बीपी आहे. झालं. तेवढंच. कुणी मोजलं नाही, कुणी हाताला पट्टा बांधला नाही, डॉक्टरचं तोंड बघितलं नाही. सासूनं सांगितलं आणि बीपी माझ्या नावावर चढलं, रेशन कार्डावर नाव चढवावं तसं.

आणि त्याची शिक्षा काय, तर माझं मीठ बंद. हसू नका, पंचवीस वर्षं माझं मीठ बंद होतं. आमच्याकडं मिडीचं लोणचं घालतात, एवढ्याएवढ्या कोवळ्या कैऱ्या, मिठात बुडवून ठेवलेल्या. माझा त्याच्यावर जीव. मीच बरणी भरायची, मीच फडकं बांधायची, आणि ताटात वाढताना सासू म्हणायची, तिला नको, तिला बीपी आहे. मग माझी कैरी कुणाच्या ताटात जायची? यांच्या. त्याला कुठलं बीपी, तो कसा थंड माणूस, सासूचंच म्हणणं. स्वतःची एक आणि माझी एक, दोन वेळा, वर सांडगी मिरची, वर पापड. आमची रेखा, माझी मुलगी, ती पण तेच शिकली, बारक्यापणी माझ्या ताटातला पापड उचलून अप्पांच्या ताटात टाकायची, अम्मा तुला बीपी आहे म्हणून. आणि हे ते खायचे, माझ्याकडं बघून बारीक हसायचे, आणि म्हणायचे सरी. अजून आठवलं की माझ्या अंगाचा जाळ होतो.

कारखान्यात एकदा कॅम्प झाला होता. संध्याकाळी घरी आले आणि चहा पिता पिता सांगायला लागले, आज नर्स आली होती, सगळ्यांचं बीपी मोजलं, तिच्या मशीनचा काटा शून्यावरच बसत नव्हता, मी तिला म्हंटलं सिस्टर, हे गेज आधी टेस्टिंगला पाठवा, आमच्याकडंच द्या, मी करून देतो. मी पोट धरून हसले. यांनी विनोद केला म्हंजे वर्षातनं एकदा पाऊस पडल्यासारखं, मग हसू नको? आकडा किती आला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. उलट काय म्हंटलं मी, ऐका, हे लिवाच, मी म्हंटलं, तुम्हाला कुठलं आलंय बीपी, ते सगळं माझ्या वाट्याला आलंय. मीच म्हंटलं, या तोंडानं. सासू तर तेव्हा गेली होती, तिच्यावर तरी किती ढकलू.

त्या कॅम्पनंतर तीन वर्षं गेली असतील. मधे काहीच नाही बघा, डोकं दुखलं नाही, चक्कर नाही, माणूस रोज सकाळी उठून उत्तम कामाला जातोय. मला आता डॉक्टर सांगतात, अक्का, याला लक्षण नसतंच बहुतेक, माणसाला काही होत नसतं आणि आत नळ्या खराब होत असतात. मी म्हंटलं मग हे आधी सांगायला काय झालं होतं, टीव्हीवर दिवसभर साबण विकता, हे कुणी ओरडून सांगत नाही. ते डॉक्टर तरणे आहेत बिचारे, त्यांचा काय दोष, पण समोर ते होते म्हणून त्यांना बोलले.

तर त्या दिवशी सकाळी साडेसात वाजले असतील. कारखान्याची बस यायची होती. उप्पिट केलं होतं, बाजूला मिडी. हे खात होते आणि मी आत डबा भरत होते, आणि चमचा पडल्याचा आवाज आला. मी म्हंटलं पडू दे, दुसरा घ्या. मीच दुसरा चमचा घेतला. बाहेर येऊन बघते तर उजवा हात मांडीवर असा पडलाय, चमचा खाली, आणि तोंड एका बाजूला ओढल्यासारखं. मी म्हंटलं काय हो, काय झालं, तर ओठ हलतात, स, स, स, एवढंच येतंय. मला कळलं ते सरी म्हणतायत. हात पडलाय, तोंड वाकडं झालंय आणि हा माणूस सरी म्हणतोय.

शेजारची मंजुळम्मा धावत आली. तिनं बघितलं आणि म्हणाली, अय्यो, लो बीपी झालंय. का? तर जे रागावतात त्यांचं हाय असतं आणि जे गप्प असतात त्यांचं लो. तिचं पण चुकलं नाही, सगळ्यांना तेच माहीत, मला पण तेच माहीत होतं. लो बीपीला काय करतात, मीठपाणी देतात. मी आत गेले, पेल्यात पाणी घेतलं, चांगलं मूठभर मीठ घातलं, ढवळलं आणि माझ्या हातानं त्यांच्या तोंडाला लावलं. अर्धं बाहेर सांडलं, ठसका लागला, तरी मी म्हणते प्या, प्या, बरं वाटेल. पंचवीस वर्षं ज्या मिठाला मला हात लावू दिला नाही ते मी त्यांना पाजलं. मग आडवं केलं, पाय उशीवर ठेवले, वारा घातला, आणि वाट बघत बसलो. बस येऊन हॉर्न वाजवून गेली. रेखा एचएसआर लेआउटला ऱ्हाते, तिला फोन केला तर ती म्हणाली अम्मा आत्ता अँब्युलन्स बोलव, मी म्हंटलं थांब, मीठपाणी दिलंय, स्वल्प बघू. हे स्वल्प बघू, थोडं बघू, हेच माझ्या छातीत टोचतंय. दहा वाजता घरी डोळे फिरवायला लागले तेव्हा निघालो, आणि तुम्हाला तुमकूर रोडचं ट्रॅफिक माहीत आहेच. पोचलो तेव्हा दुपार झाली होती.

त्या तरण्या डॉक्टरांनी फोटो काढला मेंदूचा, म्हणाले रक्ताची गाठ अडकलीय, विरघळवायचं इंजेक्शन असतं पण त्याला वेळेचं बंधन असतं, ती वेळ निघून गेली. कधीपासून झालंय म्हणून विचारलं, मी म्हंटलं साडेसातला चमचा पडला. त्यांनी ते कागदावर लिवलं. मग विचारलं, बीपीची गोळी कुठली घेतात. मी म्हंटलं यांना बीपी नाही, बीपी मला आहे. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं. म्हणाले अम्मा, यांचं वरचं दोनशेच्या पुढं आहे, आणि हृदय बघून वाटतं हे आजचं नाही, खूप वर्षांचं आहे.

मी भांडायला लागले. मी सांगते ना तुम्हाला, मशीन बिघडलं असेल, दुसरं आणा, या माणसाला कधी राग येत नाही. तिथं एक नर्स होती, केरळची, तिनं मला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं, म्हणाली अम्मा, आधी पाच मिनटं गप्प बसा, पाठ टेका, पायाची घडी सोडा, आणि त्याच मशीनचा पट्टा माझ्या हाताला बांधला, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवला. एकशे चोवीस आणि अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्यांदा मोजलं, तेच. म्हणाली, तुम्हाला बीपी नाही. मी म्हंटलं असं कसं, मी आमच्या अख्ख्या दासरहळ्ळीत भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहे. ती म्हणाली, राग आला की तेवढ्यापुरतं चढतं आणि उतरतं, ते सगळ्यांचंच. आजार म्हंजे जे बसल्या जागी, शांत असताना पण चढलेलंच ऱ्हातं. चेहऱ्यावरनं कळत नाही, मोजल्याशिवाय कळत नाही. काय सांगू तुम्हाला, लोक बरी बातमी ऐकून हात जोडतात, मला त्या नर्सच्या समोर असं वाटलं की कुणीतरी माझ्या थोबाडीत मारली.

आणि हे इथंच संपत नाही. दोन दिवसांनी हॉस्पिटलवाले विम्याचे कागद पाहिजेत म्हणाले, म्हणून घरी येऊन यांची पत्र्याची पेटी उघडली. त्यात सगळं नीट लावलेलं, त्यांच्या स्वभावासारखं. आणि त्याच्यात त्या कॅम्पची चिठ्ठी. एकशे शहात्तर आणि एकशे चार. खाली कन्नडात लिवलेलं, ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. आणि त्याच्यावर, बघा हं, लाल स्टिकर लावलेला. कारखान्यातला, गोल, रिजेक्टचा. बाजूला बॉलपेननं त्यांच्या सुबक अक्षरात, गेज चेक करणे.

मी तिथं जमिनीवर बसले आणि जी ओरडले, मंजुळम्मा परत धावत आली. म्हंजे यांना आकडा माहीत होता. तीन वर्षं माहीत होता. मशीन खोटं ठरवलं, स्टिकर लावला, घडी घातली, पेटीत ठेवलं, सरी. अहो मला सांगा, एकतीस वर्षं तुम्ही हेच काम करताय, कुठल्या बॉयलरचं गेज असं दाखवायला लागलं असतं तर तुम्ही काय केलं असतं, बॉयलर चालू ठेवून घरी आला असता? खात्रीचं मास्टर गेज आणून, दोघांना शेजारी लावून, टिचकी मारून बघितलं असतं की नाही? नसेल त्या मशीनचा काटा शून्यावर, दोन-चारनं चुकेल, पन्नासनं कसा चुकेल? हे मला कळतंय, चौथी शिकलेल्या बाईला, मग तुम्हाला कळलं नाही? स्वतःला दुसऱ्या गेजवर लावायला कमीपणा वाटला? हे सगळं मी त्यांना हॉस्पिटलात, नाकात नळी असताना, कॉटच्या शेजारी उभी राहून विचारलं. वॉर्डातल्या लोकांनी मला वाईट म्हंटलं असणार. म्हणू दे. ज्याचं जळतं त्याला कळतं की नाही ते सोडा, मला विचारायचं होतं, मी विचारलं.

आता दीड वर्ष झालं. उजवा हात तसाच आहे, पाय ओढत चार पावलं टाकतात. बोलणं गेलं. सगळं गेलं आणि एकच शब्द परत आला, कुठला ते तुम्ही आल्यापासून ऐकताय. चहा पाहिजे का, सरी. नको का, सरी. दुखतंय का, सरी. मला कळतच नाही हो, दुखत असलं तरी सरी आणि नसलं तरी सरी. आधी स्वभाव म्हणून सोडलं, आता काय म्हणून सोडू? कधीकधी मी खूप ओरडते. मग त्यांच्या डोळ्यातनं पाणी येतं, मग मी जवळ बसते, तोंड पुसते, आणि मनात म्हणते, अहो एकदा तरी चिडा, एकदा तरी मला गप्प बस म्हणा.

घरात आता मीठ यांचं कमी, माझं चालू. रेखानं पहिल्या आठवड्यात मिडीची बरणी काढून माझ्यापुढं ठेवली, अम्मा खा, तुला काही नाही. मी एक कैरी उचलली, वास घेतला. परत ठेवली.

रेखा यांच्यासारखीच, शांत. तिला म्हंटलं तुझं मोज, तर काय म्हणाली, अम्मा, मला कुठं राग येतो? मी फोनवर इतकी ओरडले, इतकी ओरडले, की तिच्या ऑफिसातल्या माणसांनी ऐकलं असणार. मोजलं तिनं. चोवीस वर्षांची पोर, एकशे चोपन्न आणि अठ्ठ्याण्णव, आठवडाभर रोज तसंच. आता गोळी चालू आहे, आणि मधे एकदा बरं वाटतंय म्हणून सोडली होती, बरं वाटतंय म्हणून! अगं बाई, तुझ्या बापाला बरंच वाटत होतं की. आता मी रोज सकाळी फोन करते. उचलला की हॅलो पण म्हणत नाही, गोळी, एवढंच ओरडते. ती म्हणते घेतली. मी ठेवते.

हे मशीन तिनंच आणून दिलंय. याला काटा नाही, आकडे दिसतात नुसते. रोज सकाळी यांचं मोजते, वहीत लिवते. आकडा आला की हे डाव्या हाताचं बोट उचलतात आणि मशीनवर टिचकी मारतात. काटा नाही तरी मारतात. पहिल्यांदा केलं तेव्हा मी न्हाणीत जाऊन रडले.

देव तुम्हाला चांगलं ठेवो, एवढ्या लांबनं दोन बसा बदलून आलात, माझी बडबड ऐकून घेतलीत. पण एक सांगू का? दोन तास झाले, मी एवढी ओरडले, यांना बोलले, सासूला बोलले, तुमच्या मराठीला पण बोलले, आणि तुम्ही नुसत्या गालात हसताय, मान हलवताय, बरं म्हणताय. तुम्ही आल्याआल्या मी विचारलं होतं तुमचं बीपी किती, तर म्हणालात मला काही त्रास नाही. असली माणसं बघितली की आता मला भीती वाटते.

ती वही ठेवा खाली. चहा पिऊन अर्धा तास झालाय ना, मग सरी. बाही वर करा, अजून वर, कापडावर बांधायचं नसतं. पाठ टेका, पायाची घडी सोडा, हात इथं टेबलावर. आता पाच मिनटं सुम्मने बसा, म्हंजे गप्प. मोजताना बोलायचं नसतं, मी पण बोलत नाही. हो, मला येतं गप्प बसायला.

हां. झालं, हलू नका. अहो राव, इकडं बघा, या बाईंचा आकडा बघा, केवढा आलाय. मारा टिचकी. काय म्हणताय? सरी?

सरी म्हणतायत. यांचं काही खरं धरायचं नाही. थांबा, परत एकदा मोजू.